नदीकाठी, चौथा मजला

तीन बेडरूम, दोन बाल्कन्या, लिफ्ट, बॅकअप,
समोर गोदावरी.
जाहिरातीत मी एवढंच लिहितो.
नांदेडात नदी दिसायचे पैसे वेगळे लागतात,
आणि डॉक्टर लोकांची कॉलनी म्हटलं की
पैशांना कुणी नावं ठेवत नाही.

एप्रिलमधला वास लिहीत नाही,
पाणी आटलं की जलपर्णीखालून येतो तो.
रात्री दिवे विझवून जाणारे वाळूचे ट्रॅक्टर,
तेही नाही.
गिऱ्हाईक यायच्या आधीच मी जाऊन
खिडक्या लावून घेतो, एसी सोडून ठेवतो.
काचेतून नदी चांगली दिसते.

त्या रविवारी तिघं आले.
शिवकांत मुदखेडे, औषधांची एजन्सी,
फ्रिजच्या जागेसाठी टेप घेऊन आलेली त्याची बायको,
आणि मागून, चपला लिफ्टपाशीच काढून,
म्हातारा बस्वंतप्पा.

बायकोनं किचन मोजलं.
शिवकांतनं नळ सोडून पाहिला.
म्हाताऱ्यानं हॉलसुद्धा पाहिला नाही, सरळ
धुण्याच्या बाल्कनीत गेला, जिथं मी कुणाला नेत नाही
(तिथून जुना पूल दिसतो, आणि पुलाखालचा कचरा),
जाळीला नाक लावून उभा राहिला
आणि म्हणाला, "चार पट्ट्या अन् वर थोडं."

काय, काका?

"तिसऱ्या खांबावर बघा. काळी-पांढरी पट्टी.
पयला रंग माझ्या हातचा हाय.
एकतीस वर्षं पाटबंधाऱ्यात गेज वाचला,
रोज सहाला, सणावाराला बी.
लेकीच्या हळदीदिवशी तसाच पिवळ्या हातानं सायकल काढली…"

"बाबा," शिवकांत म्हणाला.

मग ज्याची भीती होती तेच बायकोनं विचारलं:
पूर आला तर?
मी तोंड उघडायच्या आत म्हातारा
डोळे मिटून बोटांची पेरं मोजायला लागला.
"पार्किंगमधी येतं. कमरेएवढं.
माझ्या वहीत दोनदा आलंय.
तवा हितं बिल्डिंग नव्हती, बाभळी होत्या.
लिफ्टची मोटर भिजल.
चौथ्या मजल्याला काय बी होत नाही.
घ्या. जागा चांगली हाय."

'घ्या' कुणी ऐकलं नाही.
'कमरेएवढं' दोघांनी ऐकलं,
आणि शिवकांतनं उभ्या उभ्या
साडेतीन लाख कमी करून मागितले.
मालक फोनवर हसला, मग त्यानं फोन ठेवला.

महिन्याभरानं कळलं, त्यांनी घेतला.
बायपासच्या अलीकडं, सातवा मजला,
समोर पाण्याची टाकी आणि गाड्यांचं शोरूम.
आमच्या धंद्यात गिऱ्हाईक गेलं की नंबर पुसायचा.
तो माझ्याकडून राहून गेला.

नागपंचमीच्या सुमारास, सकाळी सव्वासहाला फोन:
"कोण, फ्लॅटवाले का? विकला का वो?"
नाही म्हटलं.
"मग आज किती हाय?"

मला वाटलं, किंमत.

किल्ली माझ्याचकडं असते.
आता मी वर जातो, वीज नसली तर जिन्यानं,
धुण्याच्या बाल्कनीतली जाळी सरकवतो,
मोबाइलच्या कॅमेऱ्यात तिसरा खांब जवळ ओढतो.
पहिले काही दिवस चुकलो. रागावला.
"लाट असली की थांबायचं. तीनदा बघायचं,
मधला आकडा धरायचा."
मग पलीकडं वहीचं पान उलटल्यासारखं काही ऐकू येतं,
नाहीतर पंखा असेल त्यांचा.

काल वरचे दरवाजे उघडले.
पाणी मातीच्या रंगाचं, मुळासकट झाडं घेऊन चाललेलं.
दुपारी लातूरची पार्टी येणार आहे, रोख पैशांची,
आणि मी अजून खिडक्या लावलेल्या नाहीत.

"सात," मी फोनवर सांगितलं. "सात अन् वर थोडं."
"थोडं म्हणजी?"

थांबा, म्हटलं,
आणि परत बघायला गेलो.